चेहऱ्यावरचा मऊ उजेड : योसेफ विर्शिंग
(द्वितीय वर्ष, कला)

मालाड स्टेशनावर पश्चिमेला उतरून गर्दीतून वाट काढीत थोडे चालले की ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ नावाचा भाग लागतो. लहान लहान कारखाने, गोदामे, वेल्डिंगच्या ठिणग्या, हातगाड्या आणि टेम्पो. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी ह्या बाजूने ये-जा करीत असतील. येथे एके काळी हिंदुस्थानातील एक नामांकित चित्रपटसंस्था होती, हे नावावरूनच कळते. परंतु त्या संस्थेच्या कॅमेऱ्यामागे म्युनिकहून आलेले एक जर्मन गृहस्थ उभे असत, आणि देविकाराणी, मधुबाला, मीनाकुमारी ह्यांचे चेहरे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीच्या मनावर जसे कोरले गेले, तसे ते कोरण्यात ह्या गृहस्थांचा मोठा वाटा होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांचे नाव योसेफ विर्शिंग.

नटनट्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. दिग्दर्शकांचीही लिहिली जातात. छायालेखकाचे नाव पडद्यावर येते तेव्हा प्रेक्षक अजून खुर्च्या शोधीत असतात. म्हणून हा लेख.

विर्शिंग ह्यांचा जन्म २२ मार्च १९०३ रोजी म्युनिक येथे झाला. तरुण वयातच त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला आणि ते म्युनिकच्या एमेल्का ह्या चित्रपटसंस्थेत दाखल झाले. त्या काळी जर्मन चित्रपट जगात पुढे होता. केवळ प्रकाश आणि सावली ह्यांच्या बळावर भीती, संशय, एकटेपणा पडद्यावर कसा उभा करावा, हे तेथील मंडळींनी शोधून काढले होते. मूकपटाला आवाज नव्हता, त्यामुळे जे बोलायचे ते उजेडानेच बोलावे लागे.

१९२५ साली हिमांशु राय ह्यांनी एमेल्काच्या सहकार्याने गौतम बुद्धाच्या जीवनावरील ‘प्रेम संन्यास’ हा चित्रपट काढला. त्याच्यासाठी दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन ह्यांच्याबरोबर जी लहानशी तुकडी जहाजाने हिंदुस्थानात आली, तीत बावीस वर्षांचे विर्शिंग होते. हा चित्रपट कृत्रिम दिव्यांवाचून, नुसत्या सूर्यप्रकाशात घेतलेला आहे. म्युनिकच्या ढगाळ हवेत वाढलेल्या माणसाला आपल्या उन्हाचे काय वाटले असेल? आपले दुपारचे ऊन चेहऱ्याचा शत्रूच. डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग, नाकाखाली काळी रेघ, कपाळावर चकाकी. असे ऊन पांढऱ्या वा चंदेरी फळ्यांवर घेऊन, वळवून, सौम्य करून माणसाच्या तोंडावर टाकावे लागते. उजेड मऊ करण्याची ही पहिली शाळा त्यांना आपल्या देशातच भेटली, असे मला वाटते.

पुढे १९३४ मध्ये हिमांशु राय आणि देविकाराणी ह्यांनी मालाड येथे बॉम्बे टॉकीजची स्थापना केली. एफ. ई. दिनशा ह्यांच्या मालाडच्या बंगल्याच्या आवारात हा स्टुडिओ उभा राहिला. आजचे मालाड पाहून खरे वाटणार नाही, परंतु तेव्हा ते मुंबईबाहेरचे गाव होते. राय ह्यांनी जर्मनीहून जाणकार माणसे आणली. ऑस्टेन दिग्दर्शनाला, विर्शिंग कॅमेऱ्याला, कार्ल फॉन श्प्रेटी नेपथ्याला, विल्हेल्म झोले प्रयोगशाळेला. ह्याच प्रयोगशाळेत एक बंगाली तरुण मदतनीस म्हणून काम करीत होता. त्याला एके दिवशी अचानक कॅमेऱ्यासमोर उभे करण्यात आले आणि त्याचा अशोककुमार झाला. १९३५ च्या ‘जवानी की हवा’पासून १९३९ पर्यंत ‘जीवन नैया’, ‘अछूत कन्या’, ‘जन्मभूमी’, ‘सावित्री’, ‘निर्मला’ अशी चित्रपटांची रांगच लागली.

आता मूळ विषयाकडे. जुन्या चित्रपटात नायिकेचा चेहरा जवळून दाखवितात तेव्हा तो किंचित धुक्यातून पाहिल्यासारखा दिसतो. केसांभोवती उजेडाची कड असते. कानातल्या खड्याचा प्रकाश त्या खड्याच्या बाहेर सांडलेला असतो. हा जुन्या फितीचा दोष आहे, असे आमच्या वर्गातील बऱ्याच जणांचे मत पडले. ते बरोबर नाही. तो मुद्दाम केलेला परिणाम असतो, आणि तो साधण्यासाठी त्या काळच्या छायालेखकांच्या पेटीत नाना वस्तू असत. बारीक विणीची जाळी, ताणून बसविलेला रेशमी पायमोजा, कडांना व्हॅसलिन लावलेली काच, मुद्दाम अतिशय सूक्ष्म लाटा ठेवून घडविलेली काच. भिंगासमोर बसवायच्या ह्या काचांना आज आपण डिफ्यूजन फिल्टर म्हणतो. म्युनिकच्याच रोडेनस्टॉक कंपनीने तर १९३० च्या सुमारास व्यक्तिचित्रासाठी मुळातच मऊ प्रतिमा देणारे भिंग बाजारात आणले होते. भोके पाडलेल्या चकत्या त्यात घालून मऊपणा कमीजास्त करता येई.

ह्याचे शास्त्र अवघड नाही. वस्तूपासून निघालेला बहुतेक प्रकाश जाळीच्या छिद्रांतून सरळ जातो आणि फिल्मवर रेखीव प्रतिमा उमटवतो. थोडा प्रकाश मात्र धाग्यांना घासून इकडेतिकडे पसरतो. म्हणजे रेखीव प्रतिमेवर एक फिकट, पसरट प्रतिमा येऊन बसते. चेहऱ्यावरची सुरकुती ही मुळात एक बारीकशी सावली असते. शेजारच्या गालावरचा उजेड तिच्यात ओघळला की ती भरून निघते. भुवई, पापणी, ओठांची कड ह्या ठळक गोष्टी मात्र टिकून राहतात. चेहरा तोच राहतो, त्याच्यावरचा काळाचा हिशेब तेवढा पुसट होतो.

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा, कारण आपण सर्वांनी हातात मोबाइल घेऊन फोटो काढलेले आहेत. भिंग नीट न जुळविल्यामुळे आलेली अस्पष्टता वेगळी आणि ही वेगळी. भिंग चुकले की रेखीव प्रतिमाच नाहीशी होते, काही उरत नाही. जाळी लावली तर रेखीव प्रतिमा खाली शाबूत असते, तिच्यावर नुसता पदर येतो. उत्तम काम ओळखण्याची सोपी खूण म्हणजे डोळे पाहावे. बुबुळातील दिव्याचा ठिपका आणि पापण्यांचे केस स्पष्ट असतील तर कारागीर जाणता आहे. काही छायालेखक जाळीच्या मधोमध पेटत्या सिगारेटने भोक पाडीत, म्हणजे मध्यभागी असलेले डोळे स्वच्छ राहावेत आणि कडा तेवढ्या विरघळाव्यात!

ह्यात धोकेही पुष्कळ. काळी जाळी सावल्या काळ्याच ठेवते. पांढऱ्या जाळीवर दिव्याचा प्रकाश पडला की सर्व चित्रावर दुधी साय येते. भिंगाचे छिद्र फार लहान केले तर जाळीचे धागेच चित्रात उमटण्याची भीती. दूरचे जवळ आणणाऱ्या लांब भिंगावर तीच जाळी दुप्पट जड वाटते. आणि सर्वांत मोठी फजिती म्हणजे, दुरून घेतलेले दृश्य लख्ख आणि लगेच पुढचा नायिकेचा चेहरा धुक्यात! प्रेक्षकाला धक्का बसतो. म्हणून दुरून जवळ येताना पायरीपायरीने मऊपणा वाढवावा लागतो. बॉम्बे टॉकीजचे चित्रपट पाहिले तर अशी ठेच सहसा लागत नाही. विर्शिंग पाठीमागून येणाऱ्या दिव्याने केसांची कड उजळून घेत आणि समोरचा उजेड बेताचा ठेवीत. त्यामुळे मऊपणा नुसता काचेतून आलेला वाटत नाही, तो त्या खोलीतलाच वाटतो.

आता ‘अछूत कन्या’. १९३६ चा हा चित्रपट. रेल्वे फाटकावरच्या दुखिया ह्या अस्पृश्य चौकीदाराची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप ह्यांची ही गोष्ट. दोघे लहानपणापासून बरोबर वाढतात, परंतु जात आड येते, दोघांची लग्ने वेगवेगळीकडे होतात, आणि शेवटी फाटकावर येणारी गाडी थांबविताना कस्तुरी तिच्याखाली सापडते. निरंजन पाल ह्यांची कथा, देविकाराणी कस्तुरी, अशोककुमार प्रताप. सरोजिनी नायडूंनी पंडित नेहरूंना हा चित्रपट पाहण्यासाठी नेले होते.

ह्या चित्रपटावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला टाळता येत नाही. देविकाराणींच्या भुवया कोरलेल्या, त्वचा नितळ, हात मऊ. फाटकावरच्या गरीब अस्पृश्य माणसाची मुलगी अशी असते काय? उन्हातान्हात राबणारी बाई अशी दिसते काय? चित्रपट आला त्याच्या आदल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली होती. त्याआधी १९२७ ला महाडचे चवदार तळे झाले होते. एवढा वणवा पेटलेला असताना मालाडचा स्टुडिओ अस्पृश्य मुलीचा चेहरा जाळीतून गाळून दाखवितो, आणि ती अखेर मरूनच देवी होते. हा आक्षेप खरा आहे. कस्तुरीच्या तोंडावरून नुसती सुरकुती पुसली गेली नाही, तिचे कष्टही पुसले गेले.

आमच्या घरी माझ्या पणजीचा एकच फोटो आहे. तालुक्याच्या गावी काढलेला. स्टुडिओवाल्याने पेन्सिलने काच घोटून तिचा चेहरा साफसूफ करून दिला आणि त्यात तिच्या कपाळावरचे व हनुवटीवरचे गोंदण पार नाहीसे झाले. त्याला तो डाग वाटला असेल. आजी अजून म्हणते की ही बाई आपल्या आईसारखी दिसते, पण आपली आई नव्हे. हे मी अशासाठी सांगतो की चेहरा मऊ करणे हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. काय पुसायचे आणि काय ठेवायचे हे ठरविणारा माणूस कोण, हा प्रश्न त्यात येतो.

तरीही ‘अछूत कन्या’ पुन्हा पाहताना माझे मत थोडे दुसरीकडे झुकले. तोवर चित्रपटात असा उजेड कोणाच्या वाट्याला येत असे? राण्यांच्या, देवींच्या, धनिकांच्या मुलींच्या. केसांभोवतीची ती प्रभा, डोळ्यांतला तो ठिपका ही राजकन्येची मिरास. विर्शिंग ह्यांनी तीच प्रभा फाटकवाल्याच्या मुलीला दिली. जिची सावली आपल्यावर पडू नये म्हणून लोक बाजूला सरत, तिच्या चेहऱ्याकडे हजारो लोक अंधारात बसून, टक लावून, विटाळाचा विचार न करता पाहात राहिले. दोन्ही गोष्टी एकाच जाळीतून घडल्या. ह्यांतली कोणती मोठी, ह्यावर मराठी विभागाच्या एका प्राध्यापकांशी माझा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

असो. १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध पेटले. मालाडला तेव्हा ‘कंगन’चे काम चालू होते. आपल्या लीला चिटणीस त्यात नायिका होत्या. इंग्रज सरकारने जर्मन नागरिकांना शत्रू म्हणून पकडले आणि बॉम्बे टॉकीजची जर्मन तुकडी एका फटक्यात मोडली. पुढच्या वर्षी, मे १९४० मध्ये, हिमांशु राय वारले. विर्शिंग ह्यांची उमेदीची वर्षे अहमदनगर, डेहराडून अशा ठिकाणच्या स्थानबद्धांच्या छावण्यांत गेली. ज्या देशाच्या तारका त्यांनी उजळल्या त्याच देशात ते तारेच्या कुंपणाआड बसले. छत्तिसाव्या वर्षी पकडले गेलेला माणूस सुटला तेव्हा चाळिशी ओलांडून गेला होता. मधल्या काळात मालाडचा कॅमेरा मात्र थांबला नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेले आर. डी. परींजा ह्यांनी तो सांभाळला आणि १९४३ चा तुफान गाजलेला ‘किस्मत’ परींजांनीच चित्रित केला. शिक्षक आत आणि विद्यार्थी बाहेर, असा तो काळ.

सुटल्यावर विर्शिंग जर्मनीस जाऊन राहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. ते परत मालाडला आले. १९४८ चा ‘जिद्दी’ त्यांनी केला आणि १९४९ चा ‘महल’. कमाल अमरोही ह्यांचे हे पहिले दिग्दर्शन, मधुबाला अवघी सोळा वर्षांची, बिमल रॉय संकलक, आणि लता मंगेशकरांचा आवाज देशभर पोहोचला तो ह्याच चित्रपटाने. सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर सुरकुती कोठली? मग मऊपणा कशाला? ह्या प्रश्नातच विर्शिंग ह्यांचे मोठेपण आहे असे मला वाटते. ‘महल’मध्ये मऊ उजेड वय लपविण्यासाठी येत नाही, तो संशय उत्पन्न करण्यासाठी येतो. समोर दिसते ती बाई आहे की भूत, हेच नायकाला कळत नाही. हवेलीत अंधार दाट आहे, झुंबर हलते, सावल्या भिंतीवर झुलतात, आणि त्या अंधारात तिचा चेहरा तेवढा धूसर उजळतो. तो चेहरा लख्ख, स्वच्छ दाखविला असता तर पहिल्याच रिळात रहस्य संपले असते. म्युनिकची सावली आणि मालाडची जाळी येथे एकत्र आली आहे. मला तर हीच त्यांची सर्वोत्तम कामगिरी वाटते.

बॉम्बे टॉकीज १९५४ च्या सुमारास बंद पडली. अमरोहींनी मात्र विर्शिंग ह्यांना सोडले नाही. १९६० च्या ‘दिल अपना और प्रीत पराई’मध्ये मीनाकुमारी परिचारिका आहेत. पांढरा गणवेश, पांढऱ्या भिंती. मऊ काच लावली असता पांढरा रंग सर्वत्र सांडतो, म्हणून असे दृश्य छायालेखकाची परीक्षाच पाहते.

त्याच्याही आधी, १९५६ च्या सुमारास, ‘पाकीजा’ची जुळवाजुळव सुरू झाली होती. प्रथम कृष्णधवल, मग रंगीत, मग रुंद पडद्याच्या सिनेमास्कोप पद्धतीने, असा हा चित्रपट बदलत गेला. त्याच्या परदेशी भिंगाविषयी एक गोष्ट सांगतात. पडद्यावर पाहताना अमरोही व विर्शिंग ह्यांना प्रतिमेत काही तरी कसर जाणवली. भिंग तपासावयास पाठविले तेव्हा त्यात केसाहूनही सूक्ष्म चूक निघाली. गोष्ट अक्षरशः खरी असो वा रंगविलेली, ती विर्शिंगसारख्या माणसाविषयीच सांगितली जावी हे योग्य आहे. जन्मभर मुद्दाम मऊ प्रतिमा काढणाऱ्यालाच चुकून मऊ झालेली प्रतिमा सर्वांआधी खुपणार.

१९६४ मध्ये अमरोही आणि मीनाकुमारी विभक्त झाले आणि ‘पाकीजा’ थांबला. ११ जून १९६७ रोजी मुंबईतच विर्शिंग ह्यांचे निधन झाले. चित्रपट अर्धवट, फिती डब्यात.

१९६९ मध्ये काम पुन्हा सुरू झाले तेव्हा मीनाकुमारी यकृताच्या विकाराने खंगल्या होत्या. उरलेला भाग इतर नामवंत छायालेखकांनी पुरा केला. त्यांच्यावर कोणती जबाबदारी येऊन पडली ह्याचा विचार करावा. एकाच नृत्यात, एकाच गाण्यात दहा-बारा वर्षांचे अंतर असलेले दोन चेहरे जोडायचे होते. एक विर्शिंग ह्यांनी तरुणपणी टिपलेला, दुसरा आजाराने थकलेला. तेथे घुंगट आला, दूरचे अंतर आले, काही नृत्यांत मीनाकुमारींच्या जागी पद्मा खन्ना आल्या, आणि मऊ उजेडही आला. ह्या वेळी तो सौंदर्यासाठी नव्हता, लबाडीसाठी तर मुळीच नव्हता. एका आजारी बाईला तिचे काम पुरे करता यावे म्हणून तो होता. ४ फेब्रुवारी १९७२ रोजी मराठा मंदिरमध्ये ‘पाकीजा’ प्रकाशित झाला. ३१ मार्चला मीनाकुमारी गेल्या. पडद्यावर छायालेखक म्हणून नाव आहे ते पाच वर्षांपूर्वी वारलेल्या योसेफ विर्शिंग ह्यांचे.

विर्शिंग ह्यांना चित्रपटाच्या कॅमेऱ्याखेरीज आणखी एक छंद होता. चित्रीकरण चालू असताना ते आपल्या लहान लायका कॅमेऱ्याने आजूबाजूचे फोटो काढीत. असे हजारो फोटो त्यांच्या कुटुंबाने जपून ठेवले आणि २०१७ च्या डिसेंबरात गोव्यात, पणजी येथे, त्यांतील निवडक फोटोंचे प्रदर्शन भरले. पुढे त्यांचे पुस्तकही निघाले. त्यांत देविकाराणींची नटलेली व्यक्तिचित्रे आहेत, तसेच मालाडच्या आवारातील कामकरी मंडळींचेही फोटो आहेत. कॅमेरा ढकलणारे, दिवे उचलणारे, उन्हात उभे राहून वाट पाहणारे. हे फोटो जाळीवाचून काढलेले आहेत, आणि त्यांत माणसांच्या कपाळावरचा घाम दिसतो.